समुद्राला जायचंय? आधी तिथी बघा!

‘समुद्र बघायला जायचंय’ असं आपण घरात म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाबरोबर?’ दुसरा येतो, ‘कशाला?’ आणि जुलै २०२५ पासून आमच्याकडे तिसऱ्याची भर पडली आहे, ‘पेपरात वाचलं नाहीस का?’ रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर तेव्हा एकाच नात्यातले चार जण बुडाले. त्यात तीन बायका होत्या. बातमी वाचून कोणाच्याही पोटात गोळाच येईल. पण त्यानंतर आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायकांनी रत्नागिरीची सहल ठरवली, तर घरोघरी हीच बातमी पुढे करून ‘समुद्र नको, त्यापेक्षा नरसोबाच्या वाडीला जाऊन या’ असं सुरू झालं. वाडीला तर आपण दर दोन महिन्यांनी जातोच हो! मग त्या माझ्याकडे आल्या. कारण आम्ही अकरा जणी २०२३ साली तीन दिवस रत्नागिरी करून सुखरूप परत आलो होतो, आणि तेही एकही पुरुष माणूस बरोबर नसताना!

म्हणून मैत्रिणींनो, आज तोच सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडते. आमचं गाव घाटावरचं, सांगली जिल्ह्यातलं. समुद्र आमच्यासाठी सिनेमातला. पण कोल्हापूर, सातारा, कराड कुठूनही निघालात तरी याचा उपयोग होईल.

आधी पैशांचं. कारण ‘पैसे कोण देणार’ या प्रश्नाचं उत्तर तयार असलं की पुढचे निम्मे प्रश्न विरघळतात, हा माझा अनुभव. आम्ही दर महिन्याला तीनशे रुपये वेगळे काढले. वर्षाचे माणशी ३६०० झाले. घरखर्चातून हळूच वाचवलेले, शिलाईचे, कुणाचे कुरडया-पापड विकून आलेले. खर्च झाला माणशी ३१०० च्या आसपास. त्यात एसटीचा वाटा अगदीच कमी, कारण मार्च २०२३ पासून राज्याच्या एसटीत आपल्याला अर्धं तिकीट लागतं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकट. आधार कार्ड मात्र पर्समध्ये वरच्याच कप्प्यात ठेवा. कंडक्टर समोर उभा असताना पाकिटातून कार्ड शोधणं म्हणजे गाडीतल्या सगळ्यांची करमणूक.

आता मुद्द्याचं. तारीख.

आपण काय करतो? मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची सुट्टी, सासूबाईंचा दवाखाना, कुणाचं बारसं असं सगळं बघून उरलेला शनिवार-रविवार घेतो. समुद्र काय, कधीही गेलं तरी तिथेच असणार! पण तो तिथेच नसतो, हेच तर आहे. सकाळी जिथे तुम्ही चटई टाकून बसता तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं. माझी एक मावशी रत्नागिरीत दिलेली आहे. तिला फोन करून मी विचारलं, ‘मावशी, कधी येऊ?’ तर ती म्हणाली, ‘अगो, भिंतीवर कालनिर्णय आहे ना? मग मला काय विचारतेस? तिथी बघ.’

मावशीने सांगितलेला हिशेब असा. त्या दिवशीची जी तिथी असेल तिचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण भरते, सकाळी एकदा आणि संध्याकाळ-रात्रीकडे एकदा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. उदाहरणार्थ अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून परत एक, दोन, तीन मोजायचं. घड्याळाच्या काट्यावर नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण आपल्याला बोट कुठे हाकायची आहे? किनाऱ्यावर पोचल्यावर कोळ्याला किंवा शहाळेवाल्याला विचारलं, की तो नेमकं सांगतोच.

आमच्यात शेजारच्या काकू होत्या. वय अडुसष्ट, शाळा चौथीपर्यंत. हिशेब ऐकल्याबरोबर म्हणाल्या, ‘म्हंजे पाऊणकीच की!’ आणि आम्ही बाकीच्या मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांनी पंधराही तिथ्यांच्या वेळा तोंडी सांगून टाकल्या. पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या पिढीने कधी पाठच केली नाही ना!

यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. आणि पाणी उतरायला लागलेलं असताना ते आपल्याबरोबर माणसालाही आत घेऊन जायला बघतं. म्हणून पाण्यात पाय घालायचे ते भरती चढत असताना, तेही घोट्यापर्यंत. आता गंमत बघा. संकष्टी चतुर्थीला गणपतीपुळ्याला तोबा गर्दी असते. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती पूर्ण, तिथून रात्री नऊपर्यंत ओहोटी. म्हणजे दर्शनाची रांग संपवून, जेवून, चारच्या सुमाराला लोक अंघोळीला पाण्यात उतरतात ते नेमकं पाणी मागे ओढत असताना! हे कळल्यापासून मी तरी संकष्टीला तिथे कुणालाही पाण्यात उतरू देणार नाही.

आम्ही निवडली ती तिथी होती कार्तिक शुद्ध द्वादशी ते चतुर्दशी. नोव्हेंबर २०२३, शुक्रवार ते रविवार. मधल्या दिवशी त्रयोदशी, तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे दुपारी पावणेचारला ओहोटी आणि संध्याकाळी पाणी हळूहळू वर येणार. रुंदच्या रुंद वाळू, चढतं पाणी आणि डोक्यावर जवळजवळ भरलेला चंद्र. यापेक्षा अजून काय पाहिजे?

पण घरात वेगळंच वादळ! द्वादशीपासून तुळशीची लग्नं सुरू होतात. ‘सण सोडून कुठं निघालात?’ आता तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं, आणि पौर्णिमा सोमवारी होती. मग सोमवारी लावू की! हे काकूंनीच आपल्या घरी ठणकावून सांगितलं आणि त्यांचं बघून बाकीच्यांचंही मार्गी लागलं. वयस्कर बाई बरोबर असली की असे फायदे होतात. बरं, एकादशी टाळण्याचं आणखी एक कारण म्हणजे अकरापैकी सात जणींचा उपास. रत्नागिरीला जाऊन वरीचे तांदूळ खायचे की काय? शिवाय एकादशीला चातुर्मास संपतो, त्यामुळे मासळीचा मार्ग मोकळा. त्यातही शनिवारी कुणी खात नाही, म्हणून शुक्रवारी आणि रविवारी मासे, शनिवारी गणपतीपुळ्याचे मोदक. असा सगळा बेत तिथी-वार बघून बसवला होता.

एक अडचण पंचांगात सापडत नाही, तीही सांगते. महिन्याची अडचण. सहलीत देऊळ आहे म्हटल्यावर दोघी-तिघी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायला निघाल्या होत्या. मी तरी स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांना न विचारता त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. एकीला बीपी, एकीला सारखं अर्धं डोकं दुखायचा त्रास, अशांना त्या चालतीलच असं नाही. ज्यांना देवळात जायचं नसेल त्या बाहेर समुद्राकडे तोंड करून बसतील, त्यात काय एवढं? समुद्राला विटाळ नाही.

कोल्हापूरहून रत्नागिरी साधारण एकशे तीस किलोमीटर. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि मग शहर. गाडीने चार तास धरा, रस्त्याचं काम असेल तर जास्त. घाटात वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सकाळी पोटभर पोहे खाऊ घालू नका. आवळा सुपारी, लिंबू, दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांना कोकण रेल्वे सोयीची, पण रत्नागिरीचं स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर बाहेर आहे, रिक्षाचा खर्च धरून ठेवा.

राहायचं कुठे, यावर आमच्यात दोन तट पडले होते. काहींना गणपतीपुळ्यालाच राहायचं होतं. मी शहराच्या बाजूने होते आणि अजूनही आहे. शहरात राहिलं की दवाखाना, मेडिकल, एसटी स्टँड हाताशी असतं, आणि किनारे दोन्ही बाजूंना. आम्ही घरगुती सोय घेतली. फोनवर ठरवताना भाड्याच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. खोल्या तळमजल्यावर आहेत का? संडास कमोडचा आहे का? (अकरा जणींत बावीस गुडघे, त्यातले निदान बारा तक्रारखोर!) सकाळी सगळ्यांना गरम पाणी मिळेल का? आणि दाराला आतून कडी आहे का, नुसतं लॅच नको. चौथा प्रश्न ऐकून समोरची बाई हसली आणि म्हणाली, ‘ताई, कडी आहे, अडसरपण आहे.’ तिथेच आम्ही खोल्या पक्क्या केल्या.

शुक्रवारी दुपारी पोचलो. जेवणात सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. घाटावरच्या बायकांना काट्यांची सवय नसते, म्हणून सुरमईने सुरुवात करावी, बांगड्यापर्यंत रविवारी पोचावं. थोडं पडून संध्याकाळी मांडवी.

मांडवी हा शहराला लागूनचा किनारा. वाळू काळपट, म्हणून लोक त्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात. किल्ल्याच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूला वाळू उजळ, तो ‘पांढरा समुद्र’. मांडवीला भेळ-पाणीपुरीच्या गाड्या, फिरायला आलेली घरं, पाण्यात शिरलेला धक्का. पहिल्या दिवशी मुद्दाम इथेच आणावं, कारण इथे पाण्यात न उतरता समुद्र बघता येतो, वर्दळ असते, नवख्या माणसाची भीती मोडते. काकू धक्क्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, आता डोळे भरून येतील, काहीतरी बोलतील. तर म्हणाल्या, ‘एवढं पाणी, आन आपल्याकडं टँकर!’ मग खाली उतरून बोट बुडवून चाखून बघितलं. ‘लई खारट हाय गं. आमटीत एवढं पडलं असतं तर सासूनं घराबाहेर काढलं असतं.’

शनिवारचा दिवस मोठा. गणपतीपुळ्याला एसटी जाते, पण आपल्याला वाटेत जागोजागी थांबायचं असतं, म्हणून बारा-तेरा सीटची गाडी दिवसभरासाठी ठरवली. जाताना किनाऱ्याच्या रस्त्यानेच जा असं ड्रायव्हरला आधीच बजावा. शिरगाव, काळबादेवी करत हा रस्ता आरे-वारेवरून जातो, पंचवीस-एक किलोमीटरचा. निवळीवरून जाणारा रस्ता लांबचा आणि त्यातून समुद्र दिसत नाही.

आणि मग येतं ते आरे-वारे. रस्ता वर चढतो आणि एका वळणावर एकदम खाली दोन किनारे, मध्ये डोंगराचं नाक, सुरूची झाडं. अकरा जणींची एकदम ‘अगं बाई!’ आम्ही तिथे सकाळी पोचलो तेव्हा त्रयोदशीची भरती पूर्ण भरत आलेली. पाणी थेट सुरूच्या बाजूला सरकलेलं. मी आधीच ठरवलं होतं, इथे वरूनच बघायचं. कारण या जागेचं खरं सुख वरूनच आहे, आणि धोका खाली. किनारा एकदम उतरता आहे, दोन पावलं पुढे टाकली की खोल. जुलै २०२५ चा तो अपघात ऐन पावसाळ्यातला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, कोळीसुद्धा आपल्या होड्या वर ओढून ठेवतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते जात नाहीत, तिथे आपण काय म्हणून जायचं? जून ते सप्टेंबर कोकण हिरवंगार दिसतं म्हणून जरूर जा, पण समुद्र रस्त्यावरून बघा. पाण्याला पाय लावायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

घरातल्या पुरुषांना समजावताना मी हेच वापरते. ‘समुद्र धोक्याचा आहे’ हे खरंच आहे, त्याला नाही म्हणू नका. नाही म्हटलं की भांडण होतं. त्याऐवजी सांगा की आम्ही अमुक महिन्यात, अमुक तिथीला, अमुक वेळी जाणार, घोट्याच्या वर पाणी येऊ देणार नाही, आणि ही बघा वेळ. कागदावर लिहून दिलं की समोरचा माणूस निम्मा गार होतो. आमच्या त्या नव्या भिशीतल्या एकीच्या सासऱ्यांनी तर पाऊणपटीचा कागद मागून घेतला आणि स्वतःच आकडेमोड करत बसले!

पाण्यातले नियम आम्ही गाडीतच ठरवले होते. एका वेळी सगळ्यांनी पाण्यात जायचं नाही. चौघी पाण्यात, बाकीच्या काठावर, चपला आणि पर्सा सांभाळत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. ओली साडी पायाला गुंडाळली की बाई जागच्या जागी पडते आणि गुडघाभर पाण्यातही उठता येत नाही, म्हणून त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. आमच्यातल्या तिघींनी आयुष्यात पहिल्यांदा घातला, दोघींनी सुनांचा मागून आणला. ज्यांना साडीच हवी त्यांनी वाळूवर बसावं. काकूंची नऊवारी मात्र सगळ्यात सोयीची ठरली, कासोटा असल्यामुळे पायात काही येतच नाही.

आणखी एक गोष्ट, जी पोहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. किनाऱ्यावर सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गुळगुळीत दिसतोय, फेस आतल्या दिशेने वाहतोय, तर ती जागा सुरक्षित समजून मुलं नेमकी तिथेच जातात. तिथूनच पाणी वेगाने आत परत जात असतं. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झगडत यायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं. आणि बाहेरच्यांनी वाचवायला उडी मारायची नाही. दोरी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा कॅन काहीतरी फेकायचं आणि आरडाओरडा करून माणसं गोळा करायची. एकाला वाचवायला दुसरा जातो आणि मग घरात एकाऐवजी दोन फोटोंना हार चढतात.

गणपतीपुळ्यात देव पश्चिमेकडे तोंड करून, समोर समुद्र. डोंगरच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालायची. अंतर एक किलोमीटरच्या आसपास. वाट बांधलेली आहे, पण दुपारी फरशी तापते, मोजे घाला. देवळासमोरच्या किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या आहेत, जीवरक्षक शिट्टी मारतात. आमच्यातली सगळ्यात धाकटी एकोणतीस वर्षांची. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलेली, नवऱ्याला दर दोन तासांनी व्हिडिओ कॉल करायच्या अटीवर. तिला पाणी बघून काय झालं कोण जाणे, हात सोडून ती पुढे पुढेच जायला लागली. शिट्टी वाजली, ती ऐकेना. काकूंनी काठावरून अशी हाक मारली, की गल्लीत म्हैस सुटल्यावर मारतात तशी! ती थांबली, मागे आली आणि वाळूत बसून रडायला लागली. आम्हाला वाटलं घाबरली. तर म्हणाली, ‘काकू, घरी कुणी हाक मारली की मी लगेच वळते हो. आज पहिल्यांदा वाटलं वळूच नये.’ कुणी काही बोललं नाही. एकीने तिच्या हातात शहाळं दिलं. मग पुढचा व्हिडिओ कॉल तिने केलाच नाही, नवऱ्याचाच आला, आणि त्याला काकूंनीच उत्तर दिलं. काय दिलं ते इथे छापता येणार नाही!

पुळ्यापासून जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक बघायला अर्धा-पाऊण तास पुरतो. शाळेत कविता शिकवणाऱ्या आमच्या बाई तिथून हलेचनात. वाटेत स्वच्छतागृहांच्या भरवशावर राहू नका, पुळ्यातून निघतानाच सगळ्यांनी जाऊन या.

चारनंतर परत शहराकडे आणि भाट्ये पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर. हा माझा सगळ्यात लाडका. काजळी नदी समुद्राला मिळते त्याच्या पलीकडे सरळच्या सरळ वाळू, मागे सुरूचं बन. खाडीच्या मुखाकडच्या टोकाला जाऊ नका, तिथे नदीचं आणि समुद्राचं पाणी एकमेकांत झगडत असतं. मध्यावर थांबा. आम्ही पोचलो तेव्हा हिशेबाप्रमाणे ओहोटी होऊन पाणी वळलेलं, वाळू ओली, चकचकीत. समोर सूर्य बुडत होता आणि पाठीमागे डोंगरावर चंद्र. काकू माझा हात धरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, तशी सरकली. ‘अगं, जमीन पळतीया!’ असं ओरडून त्यांनी माझ्या हाताला नखं रुतवली. मी म्हटलं, ‘चला बाहेर.’ तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे, पळू दे.’ सात-आठ लाटा त्या तशाच उभ्या होत्या.

रविवारी सकाळी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तिन्ही बाजूंना समुद्र, वर भगवतीचं देऊळ, एका बुरुजाकडे दीपगृह. खाली मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची दाटी. वारा जोराचा, पदर खोचा, चष्मा सांभाळा. मिऱ्याच्या बाजूला जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात एक भलंमोठं जहाज येऊन लागलं होतं, ते पुढे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं. ते बघून आम्हाला वाऱ्याच्या जोराचा अंदाज आला.

मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा हा राजा इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. राणी आणि मुली बरोबर. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा गेला १९१६ मध्ये. त्याच्या थोरल्या मुलीचं मन वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या माणसावर जडलं. तो आधीच लग्नाचा. १९१९ मध्ये घरचे ब्रह्मदेशी परतले, तीही गेली, पण नंतर पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि इथेच १९४७ मध्ये वारली. तिची लेक टुटू मराठी बोलत, गरिबीत संसार करत याच गावात म्हातारी झाली. वाड्याच्या लाकडी जिन्यावर उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा धाकटीने विचारलं, ‘राजकन्या परत का आली असेल?’ यावर गाडीत बराच वेळ चर्चा चालली आणि एकमत काही झालं नाही. इथलं संग्रहालय सरकारी आहे. अशी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून सहल सोमवारवर ढकलू नका. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ सालचं पतितपावन मंदिरही शहरातच आहे, वेळ उरला तर बघा. आम्हाला उरला नाही, कारण बाजार बाकी होता!

बाजाराचं थोडक्यात. आमसुलं काळपट लाल आणि हाताला मऊ लागणारी घ्या. वर मिठाचा थर दिसला तर आपण मिठाचेच पैसे देतो. आगळ आणि कोकम सरबत यात गल्लत करू नका. आगळ खारट, ते सोलकढीला. सरबत गोड. आंबापोळी, फणसपोळी हवाबंद बघून घ्या. आणि कुळथाचं पीठ मोठ्या कौतुकाने विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की कुळीथ म्हणजे आपलेच हुलगे. आमच्यातल्या एकीने किलोभर घेतलं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, ‘शेतातले हुलगे विकून रत्नागिरीचे आणलेस काय?’

परतीचं आरक्षण जातानाच करून ठेवा. रविवारी दुपारनंतर गाड्या भरून येतात, आणि तेव्हा तर कार्तिकीमुळे बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या होत्या. आम्ही दुपारची गाडी धरली, रात्री नऊला घरी. सोमवारी संध्याकाळी काकूंच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. अंतरपाट धरायला त्यांचे मालक आणि थोरला मुलगा. प्रसादाच्या ताटात चुरमुरे, ऊस, आवळ्याबरोबर आंबापोळीचे तुकडे होते, आणि काकू येईल त्याला ‘आज पौर्णिमा, आत्ता तिकडं पाणी लांब गेलं असंल’ असं सांगत होत्या.